फाइल उघडली, पण कुणाच्या संगणकावर?

गेल्या सप्टेंबरात आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर आली. वर्डची फाइल. फोनवर उघडली तर सगळा मजकूर टोप्या घातलेल्या परदेशी अक्षरांचा. मधले आकडे मात्र लख्ख : ५,०००. ते आम्ही द्यायचे की आम्हांला मिळणार, हे कळायला तीन मजले उतरून सेक्रेटरींचं दार वाजवावं लागलं. द्यायचे होते.

तुमच्यापैकी अनेकांचे प्रश्न याच जातीचे असतात. ‘लॅपटॉपवर वर्ड नाही, विकत घ्यायचंही नाही, मग आलेली फाइल वाचायची कशी?’ ‘पीडीएफ क्लिक केली की समोर दिसते, एक्सेलची फाइल मात्र खाली उतरते आणि कुठे जाते कळत नाही.’ ‘आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर ताळेबंद टाकलाय, पण लोक म्हणतात उघडत नाही.’ या सगळ्याला एकच उत्तर नाही. पण प्रत्येक वेळी एक प्रश्न आधी विचारलात तर निम्मा गोंधळ संपतो : ही फाइल उघडते आहे ती माझ्या यंत्रावर, की दुसऱ्या कुणाच्या?

ब्राउझरला काय येतं, काय येत नाही

क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी या सगळ्यांना पीडीएफ वाचता येते. हे पूर्वीपासून नव्हतं. क्रोमने २०१० मध्ये पीडीएफचा वाचक आत बसवला, फायरफॉक्सने २०१३ मध्ये. त्याआधी वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागे. आता तुमच्या डिस्कवरची पीडीएफ ब्राउझरच्या खिडकीत ओढून टाका, ती तिथल्या तिथे उघडते. इंटरनेट बंद असलं तरी उघडते. फोटो आणि साधा मजकूर यांचंही तसंच.

वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या फाइल मात्र ब्राउझरला वाचता येत नाहीत. म्हणून तो त्या मुकाट्याने डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये ठेवून देतो. तुमचं काही चुकलेलं नसतं.

असं का, ते एकदा हाताने करून बघा. संगणकावरच्या एखाद्या वर्ड फाइलची प्रत करा, नावाच्या शेवटचं ‘डॉकएक्स’ काढून ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत फोल्डरांची उतरंड दिसेल. मजकूर एका फाइलीत, चित्रं दुसऱ्या फोल्डरमध्ये, अक्षरांच्या शैली तिसरीकडे. २००७ च्या ऑफिसपासून या फाइली अशा गाठोड्यासारख्या आहेत. गाठोडं सोडणं सोपं. पण त्यातून पान रचणं, म्हणजे ओळ कुठे मोडायची, तक्ता कुठे फुटायचा, तळटीप कुठे जायची, हे काम मोठं आहे आणि ते ब्राउझरने अंगावर घेतलेलं नाही. पीडीएफमध्ये ती रचना आधीच ठरलेली असते. ब्राउझरने फक्त जिथल्या तिथे रंगवायचं.

काही वाचक सांगतात, ‘पूर्वी ऑफिसात वर्डची फाइल ब्राउझरमध्येच उघडायची.’ खरं आहे. इंटरनेट एक्स्प्लोररच्या खिडकीत ती दिसायची, पण त्या संगणकावर वर्ड बसवलेलं असे आणि तेच आतून चालत असे. इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. ती सोय परत येईल म्हणून जुना ब्राउझर जपून ठेवू नका.

मग वाचायची कशी : तुमच्यापुढच्या वाटा

वर्डशिवाय वर्डची फाइल ब्राउझरमध्ये दिसते, तेव्हा बहुतेक वेळा ती गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या संगणकावर उघडलेली असते आणि तुम्हाला तिचं चित्र दाखवलं जातं. यात गैर काही नाही, फक्त माहीत असू द्या.

- मेलमध्ये आलेली फाइल. जीमेलमध्ये जोडलेल्या फाइलीवर डाउनलोडचं चिन्ह न दाबता तिच्या चित्रावर क्लिक करा. झलक उघडते. नुसतं वाचायचं असेल तर इथेच थांबा. ‘ओपन विथ गूगल डॉक्स’ दाबलंत की दुरुस्तीची पाटी उघडते आणि तुम्ही बदल केलात की फाइलीची प्रत तुमच्या ड्राइव्हमध्ये राहते. नंतर मूळ मेल पुसला तरी ती प्रत तिथेच असते.
- पेन ड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल. ती गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर चढवा आणि तिथून उघडा. मायक्रोसॉफ्टचं मोफत खातं काढलं की वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या वेब आवृत्त्या पैसे न देता वापरता येतात. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं (मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून), वनड्राइव्ह ५ जीबी. वाचण्यापुरतं हे पुष्कळ झालं. चेन्नईच्या झोहोचं रायटरही हे काम करतं.
- एखाद्या संकेतस्थळावरची फाइल. विंडोजमधल्या एज ब्राउझरमध्ये सेटिंग्ज, मग डाउनलोड्स इथे ऑफिसच्या फाइली ब्राउझरमध्ये उघडण्याची कळ आहे. ती चालू असेल तर दुव्यावर क्लिक करताच फाइल दिसते. पण पत्त्याच्या पट्टीकडे बघा : मूळ संकेतस्थळाचा पत्ता जाऊन मायक्रोसॉफ्टचा आलेला असतो. त्यांचा संगणक ती फाइल मागवतो आणि तुम्हाला दाखवतो. म्हणूनच लॉगिन करून मिळणाऱ्या फाइलींवर ही युक्ती चालत नाही. त्या खालीच उतरतात.
- पाठवणाऱ्यालाच पीडीएफ मागणं. ही वाट लोक सगळ्यात शेवटी आठवतात. ती सगळ्यात आधी आठवावी. वर्डमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पीडीएफ निवडायला दहा सेकंद लागतात.

मी स्वतः मूळ तपशील महत्त्वाचा असेल तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या वेब आवृत्तीत उघडतो, कारण त्यांच्याच फाइलीची रचना त्यांच्याकडे सगळ्यात कमी मोडते. पटकन नजर टाकायची असेल तर जीमेलची झलक पुरते.

जे दिसतं ते फाइलीत आहे तेच असतं का?

नेहमी नाही. कागद व्यवहाराचा असेल तेव्हा ही गोष्ट महागात पडते. वाचताना एवढ्या जागा तपासा :

- भाडेकराराचा कच्चा मसुदा. एजंटाने ‘बदल करून पाठवलाय’ म्हटलं असेल, तर झलकीत खोडलेला मजकूर, नवी भर आणि शेरे नीट दिसतीलच असं नाही. असा मसुदा पूर्ण आवृत्तीत उघडा आणि बदलांच्या खुणा चालू करून वाचा.
- एक्सेलमधल्या लपवलेल्या ओळी. ओळींचे क्रमांक ११, १२ आणि मग एकदम १९ असे दिसले, तर मधल्या ओळी लपवलेल्या आहेत किंवा गाळणी लावलेली आहे. बेरीज जुळत नसेल तर आधी हेच बघा. खाली दुसऱ्या पानांच्या चिठ्ठ्या आहेत का, तेही.
- रकान्यात नुसत्या जाळीच्या खुणा. आकडा हरवलेला नसतो, रकाना अरुंद असतो. रुंद करा.
- तारखा. ०४/०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल? एक्सेलमधली तारीख पुष्कळदा उघडणाऱ्याच्या देश-भाषेच्या सेटिंगप्रमाणे दिसते. खातं अमेरिकी पद्धतीवर असेल तर महिना आधी येतो. तोच प्रकार आकड्यांचा : १,२५,००० हे दुसरीकडे १२५,००० दिसतं. स्वल्पविरामाने रक्कम बदलत नाही, तारखेने मुदत बदलते.

आणि ‘पान ७ वर सही करा’ असं सांगितलं असेल तर पान क्रमांकावर जाऊ नका. फॉन्ट बदलला की ओळी सरकतात, ओळी सरकल्या की पानं सरकतात. कलमाचा क्रमांक विचारा.

मराठी फॉन्टचं दुखणं

इथे जरा थांबू या, कारण मराठी वाचकांच्या तक्रारींत याचाच वाटा मोठा दिसतो.

फाइलीतला मराठी मजकूर दोन प्रकारचा असतो. युनिकोडमधला मजकूर म्हणजे फाइलीत ‘क’ हे ‘क’ म्हणूनच नोंदलेलं असतं. तो कुठल्याही फोनवर, कुठल्याही ब्राउझरमध्ये वाचता येतो. मंगल नसेल तर नोटो किंवा दुसरा फॉन्ट लागतो, एवढंच. जुन्या पद्धतीत मात्र फाइलीत इंग्रजी आणि युरोपीय अक्षरं नोंदलेली असतात आणि त्यांना मराठी चेहरा देण्याचं काम तो विशिष्ट फॉन्ट करतो. श्रीलिपी, आकृती, सुरेख, हिंदीतला कृतिदेव या घराण्यांतले जुने फॉन्ट असे चालतात. छापखान्यांत, कोर्टाच्या आवारातल्या टंकलेखकांकडे, जुन्या कार्यालयांत आजही यांच्यावर सफाईने काम होतं. बोटांना तीच सवय असते. पण तो फॉन्ट तुमच्या फोनवर नसतो, गूगलकडेही नसतो. मुखवटा निघून जातो आणि खालची परदेशी अक्षरं उघडी पडतात. आमच्या सोसायटीच्या नोटिशीचं तेच झालं होतं. आकडे तेवढे दिसले, कारण आकड्यांच्या जागी आकडेच नोंदलेले होते.

ओळखायचं कसं? मजकुराच्या जागी चौकोन दिसत असतील तर बहुधा युनिकोड आहे, तुमच्या यंत्रावर देवनागरी फॉन्टच नाही. टोपीवाली, टिंबवाली लॅटिन अक्षरं दिसत असतील तर जुना फॉन्ट आहे.

उपाय, सोप्यापासून अवघडाकडे :

१. पाठवणाऱ्याला सांगा : ‘तुमच्याच संगणकावरून पीडीएफ करून पाठवा.’ पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो, त्यामुळे कुठेही तसाच दिसतो. फक्त त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवलात की पुन्हा तीच परदेशी अक्षरं येतात, आणि त्यात एखादा मराठी शब्द शोधलात तर सापडत नाही.

२. मजकूर पुढे वापरायचा असेल तर फॉन्ट-परिवर्तक वापरा. आधी फाइलीतल्या फॉन्टचं नेमकं नाव बघा. त्याच नावाचा परिवर्तक लागतो. परिवर्तनानंतर रफार, जोडाक्षरं आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला चंद्रकोरी र डोळ्यांत तेल घालून तपासा. चुका तिथेच दडतात.

३. काहीच जमत नसेल तर ज्याच्याकडे तो फॉन्ट आहे त्याच्याकडून छापील प्रत घ्या. हा पराभव नाही, वेळेची बचत आहे.

युनिकोड फाइलींतही एक बारीक खोच आहे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं. फॉन्ट बदलला किंवा मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली नसली की ऑनलाइन वाचकात ही अक्षरं हिंदी वळणाने उमटतात. अर्थ बिघडत नाही. लग्नपत्रिका किंवा स्मरणिका असेल तर डोळ्यांना खुपतं, तेव्हा छपाईला पाठवताना पीडीएफच पाठवा.

डिजिटल सही : इथे ब्राउझरवर विसंबू नका

शासन निर्णय, डिजिटल सहीचा सातबारा, ई-आधार हे कागद पीडीएफमध्ये मिळतात आणि ब्राउझरमध्ये झकास दिसतात. ई-आधार उघडताना पासवर्ड मागितला तर घाबरू नका : नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि लगेच जन्मवर्ष. ब्राउझर तो पासवर्ड घेतो आणि फाइल तुमच्याच यंत्रावर उघडतो.

पण सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ असे शब्द दिसतात. लोक विचारतात, माझं आधार खोटं आहे का? नाही. त्या सहीची पडताळणी अजून झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि उलटंही लक्षात घ्या : ब्राउझरमध्ये हिरवी खूण दिसली म्हणून सही खरी ठरत नाही, कारण ती खूण नुसतं चित्र असू शकते. बहुतेक ब्राउझरांचा साधा पीडीएफ वाचक सही दाखवतो, तपासत नाही. या एका कामासाठी बाहेरचं सॉफ्टवेअर वापरा :

- फाइल अडोबीच्या मोफत रीडरमध्ये उघडा.
- सहीच्या जागेवर उजवं बटण दाबून पडताळणीचा पर्याय निवडा.
- पहिल्या वेळी प्रमाणपत्र देणाऱ्याला ‘विश्वासू’ म्हणून नोंदवावं लागू शकतं. ते कुणी दिलंय ते वाचून मगच नोंदवा.

हे झेपत नसेल तर दुसरी वाट. डिजिटल सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. तो महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ उतारा समोर येतो. शासन निर्णयाच्या शेवटी संगणक संकेतांक असतो. शासनाच्या संकेतस्थळावर त्याने शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘नव्या जीआर’चा फुगा फोडायला यापेक्षा सोपी टाचणी नाही. घर, जमीन, नोकरी यांचा व्यवहार असेल तर समोरच्याने दाखवलेली पीडीएफ बघून ‘हो’ म्हणू नका. क्रमांक घ्या आणि स्वतः तपासा.

आणि डिजिटल सहीची फाइल ‘प्रिंट’मधून पुन्हा पीडीएफ म्हणून साठवलीत की सही गेली, उरतं ते तिचं चित्र. अर्जासोबत जोडायची असेल तर डाउनलोड केलेली मूळ फाइलच जोडा. डिजिलॉकरमधून दिलेले कागद मूळ कागदांच्या बरोबरीचे मानावेत, असा नियम २०१७ पासून आहे. काउंटरवर कुणी खळखळ केली तर हे सांगा.

खाजगी कागद कुठे उघडू नये

‘ऑनलाइन डॉक व्ह्यूअर’ असं शोधलंत की डझनभर फुकट संकेतस्थळं येतात. फाइल टाका, लगेच बघा. लग्नाच्या मेन्यूची यादी असेल तर खुशाल टाका. पगाराची स्लिप, बँकेचं विवरण, तपासणीचा अहवाल, पासपोर्टची प्रत असेल तर टाकू नका. फाइल कुणाच्या संगणकावर गेली, किती दिवस राहिली, कुणी पाहिली, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने अशा फुकट फाइल-परिवर्तक संकेतस्थळांबाबत जाहीर इशारा दिला होता : काही ठिकाणी फाइल बदलून तर मिळते, पण सोबत घातक प्रोग्रामही येतो आणि चढवलेल्या फाइलीतली माहिती काढून घेतली जाते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा आपला कायदा २०२३ सालचा आहे आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरलेली आहे. परदेशातल्या निनावी संकेतस्थळामागे तो घेऊन तुम्ही कुठवर धावणार?

काही संकेतस्थळं म्हणतात, ‘आम्ही फाइल चढवतच नाही, तुमच्या ब्राउझरमध्येच उघडतो.’ हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि खरंही असू शकतं. तपासायची एक घरगुती रीत : खाजगी खिडकीत ते पान उघडा, पूर्ण येऊ द्या, मग वायफाय बंद करा आणि एखादी बिनमहत्त्वाची फाइल उघडून बघा. उघडली तर काम तुमच्या यंत्रावर होतंय. अडली तर फाइल बाहेर जाते असं धरून चाला. उघडली तरी वायफाय पुन्हा सुरू करण्याआधी ती खिडकी बंद करा.

सगळ्यात मोठी गळती मात्र एवढ्या दूर नसते. ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात असते. मागे एका दुकानात प्रिंट काढायला गेलो होतो. मुलाने माझी फाइल शोधायला डाउनलोड्स उघडलं आणि पडद्यावर लोकांच्या आधार, पॅन, दहावीच्या गुणपत्रिकांची रांगच्या रांग. एकाची तर कर्जाची कागदपत्रं नावानिशी. मुलाचा दोष नव्हता. पुसायला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही सांगा :

- शक्यतो फाइल ब्राउझरच्या झलकीतूनच छापून घ्या, डाउनलोड करू देऊ नका.
- डाउनलोड करावीच लागली तर तुमच्यासमोर पुसायला लावा, रिसायकल बिनमधूनही.
- व्हॉट्सअ‍ॅप वेब किंवा मेल तिथे उघडला असेल तर निघण्याआधी लॉगआउट करा. विसरलात तर घरी येऊन फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून ते यंत्र काढून टाका.

फाइलीच्या वेषातले चोर

ब्राउझरमध्ये फाइल पाहण्याचा एक फायदा असा की वर्ड-एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे आत लपवलेल्या आज्ञा, त्या झलकीत चालत नाहीत. अनोळखी माणसाकडून आलेली फाइल थेट ऑफिसमध्ये उघडण्यापेक्षा मेलच्या झलकीत पाहणं केव्हाही बरं.

पण झलकीपर्यंत पोचण्याआधीच फसवणारे प्रकार आहेत. लग्नाची पत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ‘एपीके’ फाइल हा कागद नाही, अँड्रॉइडचं अ‍ॅप आहे. ते बसवलं की ओटीपी चोराच्या हाती जातात. नावाचा शेवट बघा. पीडीएफ, डॉकएक्स, एक्सएलएसएक्स, पीपीटीएक्स हे कागद. एपीके आणि ईएक्सई हे प्रोग्राम. विंडोज हा शेवट लपवतं, म्हणून ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हे नुसतं ‘बिल.पीडीएफ’ दिसतं. फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइलींचे शेवट दाखवण्याची खूण करून ठेवा. आणि ‘कागद पाहण्यासाठी मेलचा पासवर्ड टाका’ असं एखादं पान म्हणालं तर ते तिथेच बंद करा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा; रक्कम रोखून धरण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

तुमच्या संस्थेच्या वेबसाइटवर कागद दाखवायचा असेल

मंडळ, वाचनालय, शाळा, पतसंस्था यांची वेबसाइट सांभाळणाऱ्यांसाठी हा भाग. बाकीच्यांनी ओलांडला तरी चालेल.

आधी स्वतःला विचारा : फाइल हवीच का? वीस ओळींची सूचना असेल तर ती सरळ पानावर मजकूर म्हणून लिहा. फोनवर लगेच दिसते, शोधता येते, मोठी करता येते. सूचना वर्डमध्ये लिहायची, छापायची, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायची आणि त्या वाकड्या स्कॅनची आठ एमबीची पीडीएफ वेबसाइटवर टाकायची, हा आपल्याकडचा कुळाचार आहे. सही लागत नसेल तिथे तरी तो मोडा.

फाइलच हवी असेल तर :

- पीडीएफ. नव्वद टक्के कामाला हेच, असं माझं मत. पीडीएफ उघडण्याऐवजी खाली उतरत असेल तर सर्व्हरकडून ती ‘अटॅचमेंट’ म्हणून जातेय. वेबसाइट करणाऱ्याला ती ‘इनलाइन’ करायला सांगा. पानाच्या चौकटीत बसवलेली पीडीएफ बऱ्याच फोनवर दिसत नाही, म्हणून शेजारी साधा दुवा द्याच. मोझिलाचं पीडीएफ-जेएस वापरलं तर चौकटीतही दिसते.
- वर्ड-एक्सेल तसंच दाखवायचं असेल. गूगल ड्राइव्हवर ठेवून ‘एम्बेड’ करा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन वाचकाला फाइलीचा पत्ता द्या. दोन्हींत मेख एकच : फाइल त्यांच्या संगणकाला मिळायला हवी. मायक्रोसॉफ्टच्या वाचकासाठी ती जगाला खुलीच लागते. सभासदांच्या थकबाकीची यादी अशी ‘दाखवली’त तर ती सगळ्या गावाला दाखवलीत.
- फाइल बाहेर जाऊच द्यायची नसेल. मॅमथ हे मोफत साधन डॉकएक्समधला मजकूर वाचकाच्या ब्राउझरमध्येच वेबपानात बदलतं, शीटजेएस एक्सेलचे तक्ते वाचतं. रचना हुबेहूब येत नाही, मजकूर येतो. हुबेहूब हवं असेल तर कोलॅबोरा किंवा ओन्लीऑफिस स्वतःच्या सर्व्हरवर बसवावं लागतं. ते सांभाळायला माणूस लागतो. छोट्या संस्थेने या फंदात पडू नये.

फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा. मराठी नावाचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर टक्क्यांच्या खुणांची दोन हात लांब माळ होऊन जातो आणि मध्येच तुटतो.

तुम्ही काय मागू शकता

सोसायटीचा ताळेबंद आणि सभेचं इतिवृत्त पाहण्याचा, शुल्क भरून त्यांची प्रत घेण्याचा हक्क सभासद म्हणून सहकार कायद्याने तुम्हाला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर न उघडणारी फाइल टाकली म्हणजे समितीने तो पुरा केला असं होत नाही. लेखी मागा.

शासकीय कार्यालयाकडून माहिती घेताना माहिती अधिकार कायदा, २००५ उपयोगी पडतो. कलम २(ञ) मध्ये माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा उल्लेख आहे. कलम ७(९) सांगतं की माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात सर्वसाधारणपणे द्यावी. त्यासाठी कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडणार असेल किंवा अभिलेखाला धोका असेल तरच अपवाद. थोडक्यात, त्यांच्याकडे एक्सेलमध्ये असलेली यादी छापून, स्कॅन करून देण्याऐवजी एक्सेलमध्येच मागता येते.

दृष्टिहीन किंवा दृष्टी अधू असलेल्या वाचकांसाठी हे आणखी महत्त्वाचं. स्कॅन केलेली पीडीएफ त्यांच्या वाचक-सॉफ्टवेअरला मुकी असते आणि जुन्या फॉन्टमधली फाइल तर ते भलत्याच अक्षरांत बडबडतं. अपंग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती सुगम्य स्वरूपात उपलब्ध करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. त्याचा हवाला द्या.

अर्जात स्वरूपाचं वाक्य नसेल तर झेरॉक्सच हाती पडते. म्हणून हे वाक्य तसंच उतरवून घ्या :

‘मागितलेली माहिती आपल्या कार्यालयात संगणकीय स्वरूपात उपलब्ध असल्यास ती मूळ फाइलीच्या स्वरूपात, अथवा युनिकोड मजकूर असलेल्या व शोध घेता येणाऱ्या पीडीएफ स्वरूपात, खाली दिलेल्या ई-मेलवर किंवा पेन ड्राइव्हवर द्यावी. स्कॅन केलेली प्रत फक्त मूळ अभिलेख कागदी असल्यास द्यावी.’